पाऊल मोडणारी

माझ्या आत्याच्या घरात भिंतीवरची दोन घड्याळं होती, आणि ती कधी एका खोलीत राहिली नाहीत. एक स्वयंपाकघरात ओट्याच्या वर, दुसरं पुढच्या खोलीत, आणि मधलं दार कायम लोटलेलं. आतोबा कपडे शिवायचे. मशीनवरून मान वर न करता ते पाहुण्यांना सांगायचे, "हिनं घड्याळांतसुद्धा भांडण लावून दिलंय. बोलत नाहीत एकमेकांशी." पाहुणे हसायचे. आत्याही हसायची, पण दार उघडायची नाही. दोन टिकटिकी सरकत सरकत जवळ आल्या, एकमेकींवर पडायला लागल्या की तिच्या अंगावर काटा यायचा. आम्हा मुलांना ते वेड वाटायचं. पुढे एकदा गर्दीच्या वेळी तिच्याबरोबर पूल ओलांडला, आणि त्यानंतर मी त्या दारावरून तिची चेष्टा केली नाही.

आत्या झुलत्या पुलावर नोकरीला होती. दरीच्या अलीकडे वस्ती, पलीकडे पुठ्ठ्याची खोकी तयार करणारा कारखाना. खाली खडकांतून जाणारी नदी, इतकी खोल की पाण्याचा आवाज वर यायचा, गारवा यायचा नाही. मोटारीच्या रस्त्यानं जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा. म्हणून कारखान्यातली सगळी माणसं पायीच पुलावरून जायची-यायची. दोन्ही काठांवर लोखंडी मनोरे, त्यांच्यावरून गेलेले मनगटाएवढे पोलादी दोर, दोरांना टांगलेली जाळीच्या पत्र्यांची वाट, दोन बाजूंना कमरेएवढा कठडा. पूल मजबूत होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गंजका, कुजका पूल येतो. तसा तो नव्हता. भरलेला ट्रक त्याच्यावर आणून उभा केला असता तरी तो कुरकुरला नसता. वजनाचं त्याला काही वाटत नव्हतं. चालण्याचं वाटत होतं.

कारखान्यात पुठ्ठा कापायची यंत्रं पायानं चालत. पट्ट्यावरून कोरा पुठ्ठा समोर आला की पॅडल दाबायचं, पातं खाली येऊन वर गेलं की पुढचा पुठ्ठा. पट्टा सगळ्यांचा एकच, त्यामुळे दिवसभर सगळे पाय एकाच ठेक्यात वर-खाली. भोंगा वाजायचा, माणसं हात पुसत बाहेर पडायची, पण पाय अजून आतच असायचे. त्याच पायांनी ती पुलावर यायची.

सुरुवात फार लहान असते. दोघातिघांची डावी पावलं चुकून एकदम पडतात आणि वाट केसभर डावीकडे सरकते. ती सरकली की तिच्यावरचा प्रत्येक माणूस तोल सावरायला पाय जरा फाकवून टाकतो, आणि तोही त्याच बाजूला, त्याच क्षणी. आता दोघातिघांच्या जागी वीसजण झाले. वाट आणखी सरकते. कोणी कोणाकडे बघत नसतं. बघायची गरजच नसते, पूलच प्रत्येकाच्या तळपायाला बाकीच्यांचं सांगत असतो. चहात साखर किती यावर ज्यांचं कधी एकमत होत नाही अशी दोनशे माणसं बघता बघता एका माणसासारखी चालायला लागतात. मग वाट आणि माणसं मिळून डावीकडे जातात, उजवीकडे येतात, आणि दर खेपेला थोडी जास्त. याला आमच्याकडे "पूल लागला" म्हणायचे. बोट लागावी तसा.

एकदा असाच पूल लागलेला असताना कारखान्याचा गोदामवाला कठड्यावर फेकला गेला. त्याच्या बरगड्या मोडल्या. तो कठड्याच्या आतल्या बाजूला पडला, एवढंच त्याचं नशीब. त्यानंतर पुलाची कमिटी बसली आणि तिथे तारवाल्यानं आत्याचं नाव काढलं.

तारवाला म्हणजे पुलाचे दोर तपासून त्यांना ग्रीस लावणारा म्हातारा. मनोऱ्यावर बसून त्याचं सगळं लक्ष खाली असायचं. तो म्हणाला, "वरून बघतो ना मी. सगळी डोकी एकदम इकडे, एकदम तिकडे, वाऱ्यात गवत हलावं तशी. फक्त एका जागी गोंधळ. रोज तोच गोंधळ. उतरून बघितलं तर चिकटवण्याच्या खात्यातली ती लंगडी बाई."

लहानपणी आत्या माळ्याच्या शिडीवरून पडली होती. उजवा गुडघा वाकडाच जुळला. तिचं चालणं म्हणजे एक पाऊल लांब, एक आखूड, मध्येच एक थांबा, आणि तो थांबा कधी येईल ते तिचं तिलाही ठाऊक नसायचं. तिच्या मागून येणाऱ्याला अडखळावं लागायचं, त्याच्या मागच्याला त्याला चुकवून जावं लागायचं, त्यांच्या शेजारच्यांना अंग चोरावं लागायचं. ती जिथून जायची तिथे माणसांची पावलं विस्कटायची.

"हिला कारखान्यातून काढा आणि पुलावर ठेवा," तारवाला म्हणाला.

"आणि काम काय द्यायचं?" कमिटीतल्या एकानं विचारलं.

"चालायचं."

म्हणून ती चालायला लागली. भोंगा झाला की गर्दीत शिरायचं, गर्दी पार होईपर्यंत आत मागेपुढे करत राहायचं. कमिटीनं तिला एक पट्ट्यांचं जाकीट दिलं आणि एक शिट्टी दिली. आणि शिट्टी दिली म्हणजे ती वाजवायची, असं तिला वाटलं. ही चूक तिनं आम्हाला पुष्कळदा सांगितली. पूल लागायला लागला तशी तिनं शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली, आणि घाबरल्यामुळे फुंकतच राहिली. एरवी ज्यांची पावलं जुळायला वेळ लागला असता तेही त्या शिट्टीवर पावलं टाकायला लागले. मग तिनं शिट्टी तोंडातून काढली आणि ओरडली, "थांबा." सगळे थांबले. एकाच क्षणी, एकाच बाजूला. पुलानं असा हिसका दिला की पुढचे काहीजण गुडघ्यांवर आले.

"सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली की सगळे एकच गोष्ट करतात," ती म्हणायची. "तेच तर नको असतं."

शिट्टी आतोबांच्या मशीनच्या खणात गेली, बटणांखाली. तिला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती.

त्यानंतर ती सगळ्यांशी एकदम कधी बोलली नाही. एकेकाशी बोलायची, आणि प्रत्येकाशी वेगळं. चालता चालता कोणाच्या खांद्यावर थाप मारायची, कोणाला कोपरानं ढोसायची.

"काय रे, नवे बूट? सासऱ्यानं दिले?"

"जुनेच आहेत काकू. आज धुतले."

"मग सासऱ्याला सांग, जावई सुधारला. आणि तू गं, एवढ्या घाईनं निघालीस ती नवऱ्याला भेटायला की त्याच्याशी भांडायला?"

"आधी भांडते, मग भेटते."

ज्याच्याशी बोलायची तो हसायचा, वळायचा, उत्तर शोधताना पाऊल चुकवायचा. यालाच ती पाऊल मोडणं म्हणायची. माणसं तिला बेताल काकू म्हणत. सुरुवातीला टोमणा म्हणून, मग सवय म्हणून, आणि पुढे पुढे तर पुलावर पाय ठेवण्याआधी "बेताल काकू आहेत का?" असं विचारून घेत.

हे सगळं मी आता हलक्या हातानं लिहिते आहे. तिच्या अंगात मात्र ते हलकं नव्हतं. घरी जेवायला बसलो की ती प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी वाढायची, सगळ्यांचे घास एकदम उठायला नकोत म्हणून. छताच्या पंख्यानं जरा लय धरून डोलायला सुरुवात केली की ती बटण बंद करायची, मग आम्ही घामानं निथळलो तरी चालेल. एकदा तिच्या मुलीला, आमच्या ताईला, शाळेत बक्षीस मिळालं. टाळ्या सुरू झाल्या, आधी पत्र्यावर गारा पडाव्यात तशा, विखुरलेल्या. मग कोणी न सांगता त्या जुळत गेल्या आणि सगळं सभागृह एकाच ठेक्यात टाळ्या वाजवायला लागलं. ताई व्यासपीठावर उभी होती. आत्यानं माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं माझ्या कातडीत रुतली होती. "चल," ती म्हणाली. ताईनं वरून बघितलं तेव्हा आमच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यावरून मायलेकींत कित्येक दिवस अबोला होता.

पुढे ताई मोठी झाली आणि त्याच कारखान्यात पॅडलवर लागली. आत्यानं विरोध केला नाही. एवढंच म्हणाली, "पुलावर मधोमध चालत जा. कठड्याच्या कडेनं नको." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गर्दीत शिरताना तिची नजर आधी पिवळा रुमाल बांधलेल्या एका डोक्यावर जायची. ते डोकं पार होऊन अलीकडे पोचलं की मगच ती बाकीच्यांना टोमणे मारायला मोकळी व्हायची.

गुडघा मात्र कुरकुरायला लागला होता. आधी जिना नको झाला, मग खाली बसणं. शेवटी रोजची चालही होईना. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि सरळ सांगितलं, शस्त्रक्रिया केली नाही तर हा पाय काठीशिवाय चालणार नाही, आणि काही वर्षांत काठीनंही नाही. गुडघा बदलू, पाय सरळ होईल, दुसऱ्या पायासारखा चालेल.

"दुसऱ्यासारखा?" आत्यानं विचारलं.

"अगदी जोडीचा."

घरी आल्यावर ती म्हणाली, "नको मला जोडीचा."

ताईनं कपाळाला हात लावला. "आई, लोक नीट चालायला मिळावं म्हणून डॉक्टरकडे जातात. तू पहिलीच असशील जिला नीट चालायचं नाही."

"मी नीट चालले तर पुलावर पाऊल कोण मोडणार?"

"पूल काय तुझ्या एकटीच्या गुडघ्यावर उभा आहे?"

 आत्याला तसंच वाटत होतं, आणि तसं म्हणायची तिला लाज वाटत होती.

त्याच सुमाराला पुलासाठी इंजिनिअर बाई आल्या. तरुण होत्या, कमी बोलायच्या, चांगल्या होत्या. गर्दीच्या वेळी स्वतः पुलावर चालल्या, वाटेच्या खाली यंत्रं बांधून पूल किती हलतो ते मोजलं. मग आत्याला घेऊन मनोऱ्याच्या पायरीवर बसल्या आणि चहा मागवला. म्हणाल्या, वाटेच्या खाली वजनाच्या पेट्या बसवायच्या आहेत. पूल डावीकडे गेला की पेटीतलं वजन मागाहून जाईल, त्याला मागे ओढेल.

"म्हणजे उशिरा चालणारं," आत्या म्हणाली. "माझ्यासारखं."

"तुमच्यासारखंच. पण यायला अवकाश आहे. तोवर माणसं थोडी थोडी करून सोडायची. आणि काकू, एक लक्षात ठेवा. सगळ्या गर्दीला आवरावं लागत नाही. गर्दीत ठिकठिकाणी चार-पाच माणसं अशी हवीत जी पुलाचं ऐकत नाहीत. मग बाकीच्यांची साखळी आपोआप तुटते."

"अशी माणसं आणू कुठून? सगळ्यांचे गुडघे फोडू?"

इंजिनिअर बाई हसल्या. "खाली बसवा. बसलेला माणूस पाऊल टाकत नाही."

मग आत्यानं शस्त्रक्रियेला होकार दिला. ती घरी पडून असताना तारवाला पलीकडच्या तोंडाशी साखळी लावून उभा राहायचा आणि माणसं तुकड्या-तुकड्यांनी सोडायचा. लोक कुरकुरायचे, पण थांबायचे.

नवा गुडघा चांगला बसला. काही महिन्यांत ती काठीशिवाय चालायला लागली. आम्ही सगळे खूश होतो. फक्त आतोबा एकदा मशीन थांबवून म्हणाले, "इतकी वर्षं जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं, ही आली. आता कोणीतरी आलं एवढंच कळतं." ते गमतीनं म्हणाले होते. आत्यानं ते गमतीनं घेतलं नाही. मागच्या बोळातून ती एकटीच येरझाऱ्या घालायची. मी एकदा खिडकीतून बघितलं. ती लंगडण्याचा सराव करत होती. एक लांब, एक आखूड, थांबा. एक लांब, एक आखूड, थांबा. थांबा दर वेळी त्याच जागी येत होता. खोट्या लंगडण्यालाही ठेका येत होता. तिलाही ते कळलं असणार, कारण ती भिंतीला हात लावून बराच वेळ तशीच उभी राहिली.

ती पुन्हा कामावर जायला लागली त्याला थोडेच दिवस झाले होते. दिवस मावळायला आला होता, अजून उजेड होता. भोंग्याला वेळ होता म्हणून आत्या अलीकडच्या मनोऱ्यापाशी उभी होती. मी तिचा विसरलेला स्वेटर द्यायला गेले होते. तेवढ्यात पलीकडून कारखान्याचं मोठं दार उघडल्याचा आवाज आला, आणि भोंगा न होताच माणसं बाहेर आली.

नंतर कळलं ते असं. चिकटवण्याच्या खात्यात खळीची टाकी उतू गेली आणि वाफ झाली. एकाला तो धूर वाटला, तो पळाला. त्याला पळताना दुसऱ्यानं बघितलं. आग कोणीच बघितली नव्हती. प्रत्येकानं फक्त शेजारच्याचं तोंड बघितलं होतं आणि तेवढ्यावर कारखाना जळतोय हे सगळ्यांचं ठरलं होतं.

तारवाला साखळी धरून उभा होता. गर्दीनं त्याला साखळीसकट बाजूला सारलं. सगळी खाती एकदम पुलावर आली.

जोवर ती पळत होती तोवर ठीक होतं. पळताना प्रत्येकाचं पाऊल वेगळं असतं. पण पुलाच्या मध्यापर्यंत आल्यावर पुढच्यांचा वेग दाटीमुळे कमी झाला, मागच्यांनाही चालावं लागलं, आणि मी पहिल्यांदा तो आवाज ऐकला. आधी पत्र्यांवर नुसता खडखडाट होता. मग त्यात खाली कुठेतरी एक जाड आवाज आला. धप. थोडं थांबून पुन्हा, धप. खडखडाट ओसरत गेला आणि तेवढाच उरला.

पुलाची वाट आमच्या डोळ्यांपुढे डावीकडे गेली, तिच्यावरची सगळी माणसं घेऊन.

"ताईचा पिवळा रुमाल," आत्या म्हणाली. मला दिसला नाही. तिला दिसला होता. ती माझ्या हातात जाकीट टाकून आत शिरली. मला जागचं हलता येईना. मी मनोऱ्याला धरून उभी राहिले आणि जे दिसलं ते बघितलं. बाकीचं ताईनं सांगितलेलं आहे.

आत्या नेहमीसारखी गर्दीच्या विरुद्ध चालत गेली. पहिली काही पावलं बरी पडली. मग पूल उजवीकडे गेला आणि तिचा नवा पाय त्याच्याबरोबर उजवीकडे पडला. पुढचं पाऊल डावीकडे. तिनं लंगडून बघितलं, पण बोळातलं तेच सरावाचं लंगडणं पुलानं दोन हेलकाव्यांत आपल्या ठेक्यात बसवून घेतलं. दुरून मला ती कोणती आणि बाकीचे कोणते हे ओळखता येईना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गर्दीत जिथे आत्या असायची तिथे गोंधळ असायचा. आता कुठेच गोंधळ नव्हता. सगळी डोकी एकदम इकडे, एकदम तिकडे. कोणी ओरडत नव्हतं. माणसं खाली मान घालून, काळजीपूर्वक, एकमेकांना सांभाळत चालली होती, आणि त्या सांभाळण्यानंच पुलाचा झोका वाढत चालला होता. कठड्याच्या कडेचे लोक आता प्रत्येक झोक्याला नदीवर झुकत होते.

ताई म्हणते, आई समोर आली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं. "थांबा" म्हणायला उघडलेलं. मग तिनं ते मिटलं. ताईचा दंड धरला आणि म्हणाली, "बस."

"आई, तुडवतील मला."

"बस म्हणते ना. मधोमध बस. हात डोक्यावर घे."

ताई बसली. मागचा माणूस तिच्यावर आदळला, त्याच्या मागचे दोघं दोन बाजूंनी फुटले. कोणाचा तरी बूट ताईच्या बोटांवर पडला. पण तिथली पावलं विस्कटली. आत्यानं पुढे गोदामवाल्याची कॉलर धरली.

"भाऊ, बरगड्या आठवतात का?"

"आठवतात."

"मग बसा."

तो लगेच बसला. भल्या मोठ्या देहाचा माणूस, त्याला चुकवायला गर्दीला अख्खं वळण घ्यावं लागलं. मग आत्या पुढे सरकत गेली आणि प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगत गेली. एकाला म्हणाली, तुझी चप्पल तुटलीय, बघ. एकीला म्हणाली, माघारी फिर, तुझा डबा पडला. एकाला म्हणाली, मला उचल, गुडघा गेला माझा, आणि त्यानं खरंच उचलायला हात घातले तशी म्हणाली, आता राहू दे. एका म्हाताऱ्या मुकादमाला तिनं नुसतं विचारलं, "काका, दार लावून आलात का?" आणि तो तिथल्या तिथे उभा राहून आठवायला लागला. खोटंनाटं, जे तोंडाला येईल ते. शेवटी ती स्वतः पुलाच्या मध्यावर खाली बसली, सरळ पाय पुढे पसरून.

मला मनोऱ्यापाशी आधी आवाज ऐकू आला. धप फाटला. त्यातून दोन आवाज निघाले, मग चार, मग पत्र्यांवर पुन्हा गारा पडायला लागल्या. त्याच्यानंतर केव्हातरी पूल निवला, झोका सोडून दिल्यावर तो निवत जातो तसा, अगदी सावकाश. माणसं अलीकडे आली आणि जमिनीवर पाय टेकताच बसली. कोणी नदीत पडलं नाही. काहींना मुका मार लागला. ताईची दोन बोटं मोडली आणि ती नंतर जराशी वाकडीच जुळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी स्वयंपाकघरात होतो. ताईचा हात पट्टीत होता. वस्तीतली माणसं येऊन आत्याच्या पाया पडायची तेवढी बाकी होती. ती कोणाला आत घेत नव्हती.

"एवढं काय घाबरतेस अजून?" ताई म्हणाली. "झालं ना सगळं नीट."

आत्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पूल हलला त्याला मी घाबरले नाही गं. तो तर नेहमीच हलतो. मी तुझ्यापर्यंत येत होते ना, तेव्हा मध्ये थोडा वेळ माझे पाय आपोआप पडत होते. सगळ्यांबरोबर. इतकं हलकं वाटलं मला. जन्मात पहिल्यांदा मला चालायला काही कष्ट पडत नव्हते. तू समोर होतीस, तुझा रुमाल दिसत होता, आणि तरी मला वाटलं, असंच चालत राहावं."

ताईनं चांगला हात तिच्या हातावर ठेवला.  मधलं दार लोटलेलं होतं, त्यामुळे एकाच घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

पुढे पेट्या आल्या आणि बसल्या. इंजिनिअर बाईंनी मुद्दाम लोकांना ठेक्यात चालवून बघितलं, पूल तसूभरही हलला नाही. कमिटीनं आत्याला आता आराम करा म्हणून सांगितलं, आणि मनोऱ्यापाशी बसायला एक खुर्चीही दिली. खुर्ची रिकामी असते. भोंगा झाला की ती अजून गर्दीत शिरते, पिवळा रुमाल शोधते, आणि तो सापडला की शेजारच्याला ढोसून विचारते, काय रे, आज तोंड का पाडलंस.

परवा मी न कळवता गेले तेव्हा आतोबा बाहेर गेले होते. पुढची खोली रिकामी होती आणि मधलं दार सताड उघडं होतं. आत्या उंबऱ्यावर उभी होती, डोळे मिटून, एक कान इकडे, एक कान तिकडे. दोन्ही टिकटिकी एकमेकींच्या जवळ येत होत्या. मी हाक मारणार तेवढ्यात तिनं डोळे न उघडता हात वर केला.

"जुळायच्या आधी एक क्षण असतो," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी पुलावर तो माझा चुकला होता."

तिच्या दंडावर काटा आलेला मला दिसत होता. टिकटिकी आणखी जवळ आल्या. दोन होत्या, अजून दोनच होत्या, आणि मग तिनं दार लोटलं.